बंद स्टुडिओंचा हिशेब

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘खेळ’ हा विषय दिला आणि फोन ठेवता ठेवता अट घातली : क्रिकेट सोडून. उरलेल्या खेळांत सर्वांत जास्त पैसा ज्याच्यात फिरतो, तो खेळ मैदानावर खेळलाच जात नाही. व्हिडिओ गेमची जगभरातली वार्षिक उलाढाल सिनेमाच्या तिकीटबारीच्या कितीतरी पट आहे. तरीही गेली काही वर्षं या धंद्यातून येणारी बातमी बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. अमुक स्टुडिओ बंद, इतक्या जणांना नारळ. 2023 मध्ये जगभरात सुमारे दहा हजार जणांच्या नोकऱ्या गेल्या, 2024 मध्ये त्याहून जास्त. बंद पडलेल्या सगळ्यांचे गेम पडले होते म्हणावं, तर तसंही नाही. काहींच्या कपाटात त्याच वर्षी मिळालेले पुरस्कार होते. धंदा तेजीत आणि दुकानांना कुलपं, हे गणित समजून घ्यायला निघालो आणि सुरुवात घराजवळून, पुण्यापासून केली.

## पुण्यात अडकलेला राजपुत्र

युबिसॉफ्ट ही फ्रेंच कंपनी. ब्रिटनी प्रांतातल्या गिलमो घराण्यातल्या पाच भावांनी ती 1986 मध्ये काढली. गेमलॉफ्ट ही तेव्हा याच घराण्याची दुसरी कंपनी. तिचा पुण्यातला स्टुडिओ 2008 मध्ये युबिसॉफ्टने घेतला. पुढची कित्येक वर्षं पुण्यातल्या मंडळींनी दुसऱ्यांच्या गेममधल्या चुका शोधल्या, जुने गेम नव्या यंत्रांवर चालतील असे करून दिले, ‘जस्ट डान्स’च्या आवृत्त्यांवर काम केलं. 2018 मध्ये कंपनीने मुंबईतही स्टुडिओ काढला. आणि सप्टेंबर 2020 मध्ये ती घोषणा झाली : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या 2003 च्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई मिळून करणार.

भारतातल्या गेमवाल्यांसाठी ही घोषणा किती मोठी होती, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. तोवर इकडचं काम म्हणजे पडद्यामागचं. इथे पहिल्यांदा एक जगप्रसिद्ध नाव महाराष्ट्रातल्या दोन शहरांच्या हाती आलं होतं. ट्रेलर आला आणि लोक तुटून पडले. चेहरे जुनाट दिसतात, प्रकाश चुकलाय, हा गेम दहा वर्षांपूर्वीचा वाटतो. टीका गेमवर थांबली असती तर ठीक, ती गेम भारतात बनतोय यावरही घसरली. जानेवारी 2021 मध्ये येणारा गेम आधी मार्चवर गेला, मग बेमुदत. मे 2022 मध्ये कंपनीने तो पुणे-मुंबईकडून काढून मूळ गेम जिथे बनला होता त्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे दिला. जानेवारी 2026 मध्ये कंपनीने मोठी फेररचना जाहीर केली आणि सहा गेम रद्द केले. त्यात हा एक होता.

म्हणजे पुण्याने बिघडवला, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यासाठी : मॉन्ट्रियललाही तो साडेतीन वर्षांत बाहेर काढता आला नाही. त्याच फेररचनेच्या आसपास युबिसॉफ्टचे स्टॉकहोम आणि कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे स्टुडिओ बंद झाले. हॅलिफॅक्सच्या कर्मचाऱ्यांनी काहीच आठवडे आधी कामगार संघटना स्थापन केली होती. दोन गोष्टींचा संबंध नाही, असं कंपनीने सांगितलं.

## माणशी, दरमहा

गेमचा खर्च कुठे जातो, हा माझा पहिला प्रश्न होता. पुण्यात या धंद्यात पंधरा वर्षं काढलेल्या एका गृहस्थांनी मला वहीचं पान फाडून हिशेब मांडून दिला. नाव छापायचं नाही, या अटीवर. गेम करायला लोखंड लागत नाही, सिमेंट लागत नाही, सिनेमासारखा सेटही लागत नाही. लागतात ती माणसं आणि महिने. अमेरिकेत पगार, जागा, विमा, संगणक सगळं धरून माणशी दरमहा दहा हजार डॉलर हा जुना ठोकताळा. आता तो पंधरा-वीस हजारांवर गेलाय. दोनशे माणसं, पाच वर्षं, माणशी पंधरा हजार धरले तर 18 कोटी डॉलर होतात. जाहिरात यात नाही.

हे आकडे हवेतले नाहीत, याचा पुरावा अमेरिकेच्या एका कोर्टाने 2023 मध्ये चुकून दिला. मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीने काही कागद सादर केले होते आणि गोपनीय मजकूर काळ्या मार्करने खोडला होता. कागद स्कॅन केल्यावर शाईखालची अक्षरं दिसू लागली. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ला सुमारे 22 कोटी डॉलर लागले होते आणि कामाच्या ऐन भरात दोनशे माणसं त्यावर होती. अब्जावधींची कंपनी, आणि गुपित फुटलं ते मार्करच्या शाईमुळे.

बहुतेक स्टुडिओंकडे असा पैसा नसतो. तो प्रकाशकाकडून हप्त्याने येतो. करारात टप्पे ठरलेले असतात, त्यांना सगळे ‘माइलस्टोन’ म्हणतात. आधी गेमचा एक छोटा तुकडा पूर्ण तयार करून दाखवायचा, मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येईल असा कच्चा गेम, मग चुका काढणं. टप्पा मंजूर झाला की हप्ता. टप्पा लांबला की पगाराची तारीख डोळ्यांपुढे नाचू लागते. म्हणून दोन गेमच्या मधला काळ स्टुडिओसाठी सर्वांत धोक्याचा. जुना गेम बाजारात गेलेला, नव्याला मंजुरी नाही आणि शंभर माणसांचा पगार चालू. गेम चांगला चालला तरी आलेल्या पैशातून प्रकाशक आधी आपला खर्च वसूल करून घेतो. कित्येक स्टुडिओंना त्यातला रुपयाही दिसत नाही. या चक्राला कंटाळून स्टुडिओचे मालक एक दिवस स्वतःला मोठ्या कंपनीला विकतात. विकल्याच्या दिवशी केक कापला जातो. आता पगाराची काळजी मिटली, असं वाटतं.

## एका तोंडी आश्वासनावर

स्वीडनमधल्या कार्लस्टाड या लहानशा शहरात लार्स विंगेफोर्स नावाचा गृहस्थ राहतो. पोरवयात तो जुनी कॉमिक्स विकायचा, मग जुने गेम विकू लागला, मग बुडीत कंपन्यांच्या गेमची नावं स्वस्तात घेऊ लागला. या धंद्यातली त्याची नजर पक्की होती. त्याच्या कंपनीचं नाव पुढे एम्ब्रेसर ग्रुप झालं.

कोविडच्या काळात जग घरात बसलं, गेमचा खप वाढला आणि युरोप-अमेरिकेत कर्जाचा व्याजदर जवळपास शून्यावर आला. एम्ब्रेसरने खरेदीचा सपाटा लावला. गिअरबॉक्स घेतलं, सौदा 130 कोटी डॉलरपर्यंत जाणारा. टेबलावरचे खेळ विकणारी फ्रान्सची आस्मोडे 275 कोटी युरोंना. ‘टूम रेडर’ आणि ‘डेअस एक्स’ ही नावं त्यांच्या स्टुडिओंसकट 30 कोटी डॉलरला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे हक्कसुद्धा. बघता बघता शंभराहून जास्त स्टुडिओ आणि सोळा हजारांवर माणसं एका छत्राखाली आली.

पैसा कुठून? इथेच मेख आहे. किमतीचा मोठा भाग एम्ब्रेसर स्वतःच्या शेअर्समध्ये द्यायची, आणि आणखी एक भाग पुढे ढकललेला असायचा : आज इतके, पुढच्या काही वर्षांत ठरलेला नफा करून दाखवलात तर उरलेले. शेअर चढा असेपर्यंत हे यंत्र मजेत चालतं. नवी खरेदी झाली की शेअर चढतो, चढलेल्या शेअरने पुढची खरेदी. यात गेम कुठे आला, असं विचाराल तर फारसा कुठेच नाही.

24 मे 2023 रोजी कंपनीने जाहीर केलं की 200 कोटी डॉलरचा एक मोठा करार, ज्याला समोरच्या पक्षाने तोंडी होकार दिला होता, तो शेवटच्या क्षणी मोडला. समोरचा पक्ष कोण हे कंपनीने सांगितलं नाही; सौदी सरकारच्या पैशावर चालणारी सॅव्ही गेम्स, असं अमेरिकी पत्रकारांनी नंतर छापलं. त्या एका दिवसात शेअर चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. आपल्याकडे गावच्या बाजारात बैलजोडीचा व्यवहार करतानाही माणूस विसार घेतो. इथे एवढा मोठा डोलारा शब्दावर उभा होता.

पुढचं वर्षभर कुऱ्हाड चालली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन या विद्यापीठाच्या गावात 1993 पासून व्होलिशन नावाचा स्टुडिओ होता. ‘सेंट्स रो’ हा त्यांचा गेम आपल्याकडेही पोरांनी भरपूर खेळला. 31 ऑगस्ट 2023 रोजी एम्ब्रेसरने हा स्टुडिओ बंद केला. तीस वर्षांचा संसार एका दिवसात आवरला. लॉस एंजेलिससारख्या शहरात एक दार बंद झालं तर पलीकडच्या गल्लीत दुसरं असतं; शॅम्पेनमध्ये तेवढ्या लोकांना सामावून घेणारं दुसरं दारच नव्हतं. कुणी घर विकून गेलं, कुणी घरून काम शोधलं, काहींनी तिथेच नवा छोटा स्टुडिओ काढला. नॉटिंगहॅमचा फ्री रॅडिकल डिझाइन डिसेंबरात गेला. मॉन्ट्रियलला ‘डेअस एक्स’चा नवा गेम अर्धवट असताना रद्द झाला, 97 जण गेले. 2024 च्या सुरुवातीपर्यंत एम्ब्रेसरमधून सुमारे 1,400 माणसं कमी झाली होती. आणि गिअरबॉक्स? ते 46 कोटी डॉलरला विकून टाकलं. शेवटी एम्ब्रेसरने स्वतःचे तीन तुकडे करायचं ठरवलं आणि 90 कोटी युरोंचं कर्ज आस्मोडेच्या डोक्यावर ठेवून दिलं. ज्या आस्मोडेने यातलं काहीच केलं नव्हतं.

व्होलिशनचा शेवटचा ‘सेंट्स रो’ चालला नव्हता, हे खरं. पण गेम पडणं ही या धंद्यात रोजची गोष्ट आहे. दर तीन-चार गेमांत एक तरी चालेल, या भरवशावरच सगळे जगतात. व्होलिशनकडून हा भरवसा काढून घेतला गेला, तो कार्लस्टाडच्या वहीत खड्डा पडला म्हणून.

ही गोष्ट स्वीडनपुरती मानू नका. सप्टेंबर 2025 मध्ये पूर्वी ‘फिफा’ गेम काढणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स 5,500 कोटी डॉलरला विकत घेण्याचा सौदा जाहीर झाला. घेणाऱ्यांत सौदी सार्वजनिक गुंतवणूक निधी, आणि सिल्व्हर लेक व अ‍ॅफिनिटी या गुंतवणूक कंपन्या. यातले 2,000 कोटी कर्जाने उभारायचे ठरले. अशा सौद्यांत कर्ज घेणाऱ्याच्या अंगावर नसतं, घेतल्या गेलेल्या कंपनीच्या अंगावर पडतं. व्याज गेमच्या विक्रीतून जाणार. ते कुठल्या स्टुडिओच्या मुळावर येतं, ते पाहायचं.

## पुरस्कार एप्रिलमध्ये, कुलूप मे मध्ये

टोकियोचा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ शिंजी मिकामी यांनी 2010 मध्ये काढला. ‘रेसिडेंट इव्हिल’ ज्यांनी घडवला ते हेच मिकामी. भयपट छापाचे गेम करणाऱ्या या मंडळींनी 25 जानेवारी 2023 रोजी भलतंच काहीतरी बाहेर काढलं. ‘हाय-फाय रश’. आधी जाहिरात नाही, चर्चा नाही. घोषणा आणि विक्री एकाच दिवशी. कार्टूनसारखा रंगीत गेम, आणि त्यात सगळं तालावर चालतं. नायकाचं पाऊल, शत्रूचा वार, मागे डुलणारी झाडं, भिंतीवरची यंत्रं, सगळी एका ठेक्यात. मी तो या लेखासाठी खेळून पाहिला. माझा ताल कच्चा, पोरं हसली, पण गेम तुमचा चुकलेला ठेकाही हळूच सावरून घेतो. हे करायला चित्रकार, संगीतकार आणि प्रोग्रामर यांना वर्षानुवर्षं एकमेकांच्या कामाची सवय असावी लागते. फिरत्या नाटक कंपनीत पेटीवाल्याला नटाचा श्वास कळतो, तसली ती सवय.

या स्टुडिओची मालकी तेव्हा मायक्रोसॉफ्टकडे होती. मायक्रोसॉफ्टने 2021 मध्ये टँगोची मूळ कंपनी झेनीमॅक्स 750 कोटी डॉलरला घेतली होती, आणि मग ऑक्टोबर 2023 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड 6,870 कोटींना. या खरेदीमागचा विचार ‘गेम पास’चा होता : महिन्याला ठरावीक पैसे भरा आणि शेकडो गेम खेळा. सिनेमांसाठी ओटीटीने केलं तेच गेमसाठी. गिऱ्हाइकासाठी सौदा झकास. स्टुडिओसाठी मात्र एक अडचण होते. तीस डॉलरचा गेम लाखो लोकांनी खेळला, पण त्यातल्या किती जणांनी तीस डॉलर मोजले? ‘हाय-फाय रश’ला काही महिन्यांत तीस लाख खेळाडू मिळाले. या गेमसाठी किती जणांनी वर्गणी चालू ठेवली, हे त्या तीस लाखांवरून कळत नाही. यश मोजायची पट्टीच मालकाच्या हातात.

एप्रिल 2024 मध्ये या गेमला अ‍ॅनिमेशनसाठी बाफ्टा मिळालं. 7 मे रोजी मायक्रोसॉफ्टने टँगो बंद केला. सोबत टेक्सासचा अर्केन ऑस्टिन आणि हॅलिफॅक्सचा अल्फा डॉग. जास्त परिणाम साधणाऱ्या मोठ्या गेमवर लक्ष द्यायचं आहे, असं कारण अंतर्गत ईमेलमध्ये दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, आपल्याला पुरस्कार आणि मान मिळवून देणारे छोटे गेम हवे आहेत, असं वरिष्ठांनी सांगितल्याच्या बातम्या आल्या. आदल्या दिवशी जे मोडीत काढलं, नेमकं तेच.

अर्केन ऑस्टिनचं प्रकरण वेगळं आणि माझ्या मते जास्त बोधक. त्यांचा ‘रेडफॉल’ मे 2023 मध्ये आला आणि सपशेल पडला. ‘प्रे’सारखे एकट्याने खेळायचे, विचार करायला लावणारे गेम ही या स्टुडिओची ओळख. त्यांच्याकडून मागितला गेला अनेकांनी मिळून खेळायचा, पुढेही पैसे काढत राहणारा गेम, कारण त्या वर्षांत सगळ्यांना तसलाच गेम हवा होता. ब्लूमबर्गने छापलं की ‘प्रे’वर काम केलेल्या लोकांपैकी सुमारे सत्तर टक्के ‘रेडफॉल’ पुरा होईपर्यंत सोडून गेले होते. दारावरची पाटी तीच होती, आतली माणसं केव्हाच बदलली होती. तरी जाता जाता जे राहिले होते त्यांनी एक काम पुरं केलं. स्टुडिओ बंद जाहीर झाल्यानंतर मेच्या अखेरीस ‘रेडफॉल’चा शेवटचा बदल आला : इंटरनेट नसतानाही गेम चालेल, अशी सोय. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांचा गेम कंपनीच्या सर्व्हरबरोबर मरू नये म्हणून.

टँगोला ऑगस्ट 2024 मध्ये खरेदीदार मिळाला. दक्षिण कोरियाची क्राफ्टन, म्हणजे आपल्या गल्लोगल्लीच्या ‘बीजीएमआय’ची मालकीण. ‘हाय-फाय रश’चे हक्कही तिने घेतले. शेवट गोड झाला म्हणावं, तर याच क्राफ्टनने 2021 मध्ये घेतलेल्या अननोन वर्ल्ड्स या स्टुडिओच्या प्रमुखांना जुलै 2025 मध्ये काढलं आणि प्रकरण डेलावेअरच्या कोर्टात गेलं. वादाचं मूळ तेच : पुढे ढकललेल्या किमतीचे 25 कोटी डॉलर.

## पडलेला आणि उचललेला

सोनीच्या ‘कॉनकॉर्ड’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. वर्षानुवर्षं चालणारे, खेळाडूंकडून सतत थोडे थोडे पैसे काढणारे गेम डझनभर काढायचे, असं सोनीने ठरवलं होतं. त्यासाठी 2023 मध्ये फायरवॉक हा स्टुडिओ घेतला. 23 ऑगस्ट 2024 रोजी ‘कॉनकॉर्ड’ आला. संगणकावर स्टीम या ऑनलाइन दुकानातून एका वेळी जास्तीत जास्त 697 माणसं खेळली. 6 सप्टेंबरला गेम मागे घेतला, सगळ्यांचे पैसे परत दिले, ऑक्टोबर संपता संपता स्टुडिओ बंद. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोनीचाच ‘हेलडायव्हर्स 2’ बारा आठवड्यांत एक कोटी वीस लाख प्रती विकून गेला होता. हा चालेल की तो, हे आधी कुणालाच सांगता आलं नव्हतं. नंतर सगळ्यांना सांगता येत होतं.

वॉर्नर ब्रदर्स या कंपनीची गोष्ट जास्त लांबवावी अशी आहे. सिअ‍ॅटलजवळ कर्कलंडला तिचा मोनोलिथ नावाचा जुना स्टुडिओ होता. 2014 च्या ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’मध्ये त्यांनी ‘नेमेसिस’ नावाची युक्ती केली. शत्रूच्या सैन्यातल्या एखाद्या य:कश्चित शिपायाने तुम्हाला मारलं तर त्याला बढती मिळते, नाव मिळतं, आणि पुन्हा गाठ पडली की तो तुम्हाला मागच्या वेळची आठवण करून देत डिवचतो. तुम्ही त्याला जाळलं असेल तर भाजलेला चेहरा घेऊन येतो. प्रत्येक खेळाडूचा वैरी वेगळा. वॉर्नरने याचं पेटंट घेतलं, ते 2021 मध्ये मंजूर झालं, मुदत 2036 पर्यंत. फेब्रुवारी 2025 मध्ये वॉर्नरने मोनोलिथ बंद केला, त्यांचा ‘वंडर वुमन’ गेम रद्द केला, आणखी दोन स्टुडिओही मिटवले. म्हणजे आज युक्तीचा कागद कंपनीच्या तिजोरीत आहे, ती चालवायची कशी हे ज्यांच्या हातांना ठाऊक होतं ती माणसं रस्त्यावर, आणि बाकी जगाला तिला हात लावायची बंदी.

याच वॉर्नरने एकदा उलटं केलं होतं आणि त्याचं फळही खाल्लं होतं. सॉल्ट लेक सिटीचा अ‍ॅव्हलांच स्टुडिओ डिस्नेने मे 2016 मध्ये बंद केला, कारण डिस्नेला स्वतः गेम बनवण्यातून अंग काढून घ्यायचं होतं. 2017 च्या जानेवारीत वॉर्नरने तो घेतला, जुन्या प्रमुखाला परत बोलावलं, जुनी माणसं जमवली आणि वेळ दिला. सहा वर्षांनी, फेब्रुवारी 2023 मध्ये, ‘हॉगवर्ट्स लेगसी’ आला. त्या वर्षात त्याच्या दोन कोटी वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. डिस्नेच्या त्याच माघारीची झळ मुंबईलाही बसली. विशाल गोंदल यांनी 1999 मध्ये मुंबईत काढलेली इंडियागेम्स डिस्नेने घेतली होती. काही वर्षांतच तो धंदा गुंडाळला गेला. तिला उचलायला कुणी आलं नाही.

## साखळीच्या टोकाला

भारतातला गेमचा धंदा अजून बराचसा कामं घेऊन करून देण्याचा आहे. कोथरूडमध्ये एका थ्रीडी आर्टिस्ट मुलीकडे बसलो होतो. मूळची इचलकरंजीची, वडीलही आलेले. मुलगी नक्की काय करते हे कळावं म्हणून ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तिने पडद्यावर एक लोखंडी पिंप दाखवलं. गंज कुठे जास्त धरतो, पाणी कुठून ओघळतं, खरवडा कुठे पडतो, सगळं अभ्यासून केलेलं. परदेशी गेममध्ये ते कुठल्या तरी गोदामाच्या कोपऱ्यात असणार होतं. कुठल्या गेममध्ये, हे तिला सांगायची परवानगी नव्हती, आणि काही कामांत तर तिलाही ते गेम बाजारात आल्यावर कळतं. वडिलांनी विचारलं, नाव येतं का शेवटी? कधी येतं, कधी कंपनीचं येतं, कधी काहीच नाही, असं तिने सांगितलं. ते पिंप असलेला गेम मध्येच रद्द झाला. तिच्या कामाच्या नमुन्यांत ते टाकायचीही सोय राहिली नाही, कारण जो गेम निघालाच नाही त्याची गुप्तता संपत नाही.

परदेशात स्टुडिओ बंद होतो तेव्हा तिथे निदान बातमी होते. अमेरिकेत मोठ्या कंपनीला साठ दिवसांची पूर्वसूचना किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. युरोपात कामगारांशी सल्लामसलत करावी लागते. इकडे काय होतं? क्लायंटचे ईमेल आधी उशिरा येतात, मग येत नाहीत. टीम ‘बेंच’वर बसते. दुसरं काम आलं तर ठीक. नाही तर एचआर एकेकाला आत बोलावून राजीनामा लिहून घेते. कागदोपत्री ती कपात नसतेच. फेब्रुवारी 2025 मध्ये पॅरिसची टेक्निकलर ही सिनेमा, जाहिराती आणि गेमसाठी दृश्यं करून देणारी कंपनी कोसळली, तेव्हा बंगळुरू आणि मुंबईत हजारो कलाकार एकदम मोकळे झाले. त्यांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं.

बंगळुरूच्या ध्रुव इंटरॅक्टिव्हचा प्रवास या साखळीचा चांगला नमुना आहे. 1997 पासूनची कंपनी. 2016 मध्ये स्वीडनच्या स्टारब्रीझने घेतली. स्टारब्रीझच अडचणीत आली आणि 2019 मध्ये तिने ध्रुव सुमारे 80 लाख डॉलरला रॉकस्टारला, म्हणजे ‘जीटीए’वाल्यांना, विकली. ध्रुवचं नशीब बरं. पण ते ठरलं स्टॉकहोममध्ये.

स्वतःचा गेम करू पाहणारे इथेही आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’ हा देवळांच्या भिंती आणि पुराणकथांतून उभा केलेला गेम केला. लोकवर्गणी मागून पाहिली, 2017 मध्ये ती फसली, तरी 2020 मध्ये गेम आणलाच. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ आणला. आणि मुंबईची नझारा आता ब्रिटनमधले स्टुडिओ विकत घेते आहे. खरेदीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मराठी मुलखातली कंपनी बसलेली पाहून बरं वाटतं, यात शंका नाही. एम्ब्रेसरलाही सुरुवातीला बरंच वाटत होतं, हेही डोक्यातून जात नाही.

## दुसरा मार्ग

निन्टेन्डोचे सातोरू इवाता मूळचे प्रोग्रामर. 1993 मध्ये कर्जात बुडालेल्या एचएएल या स्टुडिओचे ते प्रमुख झाले आणि 150 कोटी येनांचं कर्ज सहा वर्षांत फेडलं. 2013 च्या सुमारास निन्टेन्डो तोट्यात असताना भागधारकांनी त्यांना विचारलं की माणसं कमी का करत नाही. उद्या नोकरी राहील की नाही या भीतीत असलेला माणूस लोकांना भावेल असं काही बनवू शकत नाही, असं त्यांच्या उत्तराचं सार होतं. 2014 मध्ये त्यांनी स्वतःचा पगार पाच महिन्यांसाठी निम्मा केला. निन्टेन्डो संत नव्हे. त्याच वर्षी जर्मनीतल्या त्यांच्या ऑफिसातली माणसं गेली. पण क्योटोतला गेम बनवणारा गाभा हलवला नाही, आणि 2017 मध्ये त्यातूनच ‘स्विच’ आणि त्यावरचा ‘झेल्डा’ निघाला.

एप्रिल 2025 मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातून ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पिडिशन 33’ आला. स्टुडिओचं नाव सँडफॉल, गाभ्यात तीसेक माणसं, बाहेरून मदत घेतलेली. संस्थापक पूर्वी युबिसॉफ्टमध्ये नोकरीला होते. त्या वर्षीचा सर्वोत्तम गेमचा मान त्यांनाच मिळाला. ज्या कंपनीतून ते बाहेर पडले तिच्याकडे हजारो माणसं होती, आणि तिला मात्र त्यानंतर काही महिन्यांतच सहा गेम रद्द करावे लागले.

इतकं पाहिल्यावर माझं मत असं बनलं आहे की स्टुडिओ बहुतेक वेळा बंद होतो तो विकला गेला त्या दिवशी झालेल्या हिशेबामुळे. गेमचा निकाल नंतर निमित्ताला येतो. कंपनी पैसे मोजते नावासाठी, पेटंटसाठी, जुन्या गेमच्या यादीसाठी. वर्षानुवर्षं एकत्र काम करून तयार झालेली टीम ही ताळेबंदात कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ती मोडताना तोटा दिसत नाही.

पुण्या-मुंबईत आज गेम डिझाइनचे कोर्स जोरात आहेत, फिया काही लाखांत आहेत, आणि दिवाळीनंतर अनेक घरांत त्यावर चर्चा होईल. मुलाला किंवा मुलीला अडवू नका. पण पहिलं ऑफर लेटर येईल तेव्हा त्यांच्यासोबत बसून चार गोष्टी विचारायला लावा : काम स्वतःच्या गेमवर की क्लायंटच्या; कंपनीकडे पुढच्या किती महिन्यांचे पगार आहेत; गेम रद्द झाला तर काम नमुना म्हणून दाखवता येईल का; आणि गेमच्या शेवटी नाव येईल का. ही उत्तरं लेखी मागा.